पणजीचं माहेर : वंशावळीच्या कामाच्या नोंदी, नाशिक

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

काम एवढंच: आजोबांच्या आईचं माहेर कोणतं, तिथे तिला काय नावाने हाक मारत, तिचे आईबाप आणि भावंडं कोण, हे कागदानिशी शोधायचं.

आमच्या घराण्याची वंशावळ भावकीतल्या एका काकांनी पूर्वीच बांधली आहे. निफाड तालुक्यातलं मूळ गाव, खाली पसरत गेलेल्या पिढ्या, आणि सगळे पुरुष. पणजोबा ऐन उमेदीत गेले. त्यानंतर पणजीने पोरं वाढवली, जमीन राखली, आणि त्या तक्त्यात तिला जागा नाही. मला हे पटत नाही.

आज हाताशी एकच धागा आहे. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर म्हाळाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची यादी आहे. म्हाळाला गुरुजींना नावं सांगावी लागतात, म्हणून त्यांनी ती नीट लिहून ठेवलेली. पहिल्या ओळीत बाप, आजा, पणजा. दुसऱ्या ओळीत आई, आजी, पणजी. तिसऱ्या ओळीत आईचा बाप, आईचा आजा, आईचा पणजा, आणि पुढे ‘सपत्नीक’. म्हणजे पणजीच्या माहेरच्या तीन पिढ्या आजोबा दर भाद्रपदात मोठ्याने उच्चारत होते. आडनाव मात्र नाही, गाव नाही. गोत्र काश्यप लिहिलंय, पण गोत्र ठाऊक नसलं की काश्यप सांगायची रीत आहे, त्यामुळे त्यावर काहीच उभं करायचं नाही.

या नोंदी इतर अभ्यासकांकडेही जातात. म्हणून माणसांना नावांऐवजी खुणा देते: पणजीचा बाप मा-१, आजा मा-२, पणजा मा-३.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सगळ्यांचा मिळून एक तक्ता ऑनलाइन केला. सध्या त्यात येवल्याच्या ताई, मोडी वाचणारे सर आणि आपापली घराणी शोधणारी आणखी काही मंडळी आहेत. रकाने असे ठरले: कागदावरचा मजकूर जसाच्या तसा, त्याचं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर, आपण लावलेला अर्थ, कागद कुणाच्या ताब्यात, बाड आणि पान, फोटोची तारीख, खात्री. खात्रीच्या तीनच पायऱ्या: पक्की, बहुधा, ऐकीव.

लिप्यंतर आणि अर्थ एका रकान्यात कधीही येऊ द्यायचे नाहीत, यावर मी अडून बसले. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि तिला अक्षरं लगटत जातात. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. एकाने लावलेला अर्थ दुसऱ्याच्या तक्त्यात ‘मूळ मजकूर’ म्हणून गेला की पुढच्या तिघांचं घराणं चुकतं.

हयात माणसाचं नाव, जन्मतारीख, गट नंबर तक्त्यात घालायचा नाही. हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

रामकुंडावर गेले. पितृपक्षाची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. तीर्थोपाध्ये म्हणजे घाटावर यजमानांचे विधी करणारे आणि त्यांच्या पिढ्यांची नावं वहीत, म्हणजे नामावळीत, लिहून ठेवणारे गुरुजी. आमच्या गावाकडचे कोण, हे दोन-तीन गुरुजींना विचारल्यावर लगेच कळलं. इथे पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’, त्यावरून कोणाचे यजमान हे ठरतं. गुरुजींनी दसऱ्यानंतर घरी बोलावलं आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

आजचा दिवस नामावळीचा.

गुरुजींचं घर पंचवटीत, बाडं माडीवर. खालच्या खोलीत काही ठेवत नाहीत. २००८ ला आणि २०१९ ला गोदेचं पाणी काठच्या घरांत शिरलं होतं, तेव्हा माडीमुळेच हे सगळं वाचलं. लाल कापडात बांधलेली लांबट बाडं, प्रत्येकावर गावांची नावं. आमच्या गावाचं बाड काढून गुरुजींनी स्वतःच पानं उलटली. इतर घराण्यांची पानं मी पाहायची नाहीत, फोटो फक्त आमच्या नोंदीचे, हे त्यांनी आधीच सांगितलं. अगदी योग्य. या वह्या त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत, आणि त्यांत नावं सांगणाऱ्यांनी ती त्यांच्या भरवशावर सांगितली.

पहिली नोंद मोडीत. शाई तपकिरी झाली आहे, कडेला कसर लागली आहे. शकाच्या आकड्यातला मधला अंक किडीने खाल्ला: शके १८, मग भोक, मग ७. पण शेजारी संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, शाबूत आहे, ‘पार्थिव’. सरांची रीत वापरली: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. १८०७ अधिक १२ म्हणजे १८१९, बाकी १९, आणि एकोणिसावा पार्थिव. १८१७ धरला तर मन्मथ येतो, १८२७ ला विश्वावसु. तेव्हा शके १८०७ च. महिना माघ, म्हणजे ७९ मिळवायचे: इसवी सन १८८६.

ही नोंद खापरपणजोबांची. त्यांचा बाप, आजा, दोन भाऊ, आणि मुलांत आमचे पणजोबा, तेव्हा लहान. बापाच्या नावाआधी ‘बिन’ (अमक्याचा मुलगा), बायकोच्या नावानंतर ‘कोम’ (अमक्याची बायको) घालून नवऱ्याचं नाव. काकांच्या तक्त्यात नसलेला एक भाऊ इथे सापडला. त्याचं पुढे काय झालं ते वेगळं काम.

दुसरी नोंद बाळबोधीत, शके १८५६, भाव संवत्सर, कार्तिक. १८५६ अधिक १२, बाकी ८, आठवा भाव, जुळलं. सन १९३४. आजोबा आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. त्यांची सही आहे, आणि ती पाहताच मी म्हाळाच्या यादीचा फोटो शेजारी धरला. ‘ल’ची गाठ तीच, नावाखालची दुहेरी रेघ तीच. यादी आजोबांच्याच हातची, हे आतापर्यंत घरातली समजूत होती, आता खात्री ‘पक्की’.

पणजीचं सासरचं नाव इथे स्पष्ट आहे. माहेर नाही. नोंद मुलाने दिलेली, गाव त्याचं, कूळ त्याचं. आईचं गाव सांगायचं त्याला कारणच नव्हतं.

फोटो काढताना: खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही, पान हाताने दाबायचं नाही, प्रत्येक फोटोत बाडाची चिठ्ठी दिसली पाहिजे. छापील प्रती गुरुजींनाही नेऊन देणार आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तहसीलच्या दप्तरखान्यातून गाव नमुना १४ च्या नकला मिळाल्या. कोतवालाने आणलेल्या बातमीवरून लिहिलेली जन्म-मृत्यूची जुनी नोंद. पणजीची नोंद १९३४ च्या नोव्हेंबरात, कारण ‘ताप’. नामावळीतल्या कार्तिकाशी जुळते. इथेही नवऱ्याचं नाव आहे, बापाचं नाही.

पणजोबांची नोंद शोधताना १९१८ ची शेवटची पानं पाहावी लागली. तो इन्फ्लुएंझाचा काळ. ओळीमागून ओळ ताप, ताप, ताप, अक्षर घाईघाईचं होत गेलेलं. पणजोबा त्यातच आहेत आणि त्यांचा एक भाऊही, त्याच आठवड्यात. पणजी विधवा कधी झाली याची तारीख आज पहिल्यांदा कळली. घरी कुणी ती कधी बोललं नव्हतं. पुढची सोळा वर्षं ती एकटी होती.

सरांना नकला पाठवल्या, दोन शब्दांचं वाचन त्यांच्याकडून पक्कं करून घ्यायचं आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

आत्याकडे सगळे जमले होते. मी म्हटलं, पणजीच्या माहेरचं काहीही चालेल, पत्रिका, आहेराची वही, जुनी भांडी. आत्या म्हणाली, ‘कागद काही नाही गं, पण आबांच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ माळ्यावर आहे.’

नाशिकला भांडी बाजारात भांडं घेतलं की नाव घालून घेतात. आता मशीनने कोरतात, पूर्वी छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकत. वंशावळ शोधणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, नातं, कधीकधी सालही असतं, आणि देणारे बऱ्याचदा माहेरचे असतात. कागद पावसात गेले, घरं पडली, भांडी मात्र मुलीबाळींकडे पोचली.

घंगाळ चिंचेने घासून लख्ख करायचं आत्याच्या मनात होतं. मी थांबवलं, घासून घासूनच टिंबं बुजतात. ओल्या फडक्याने फक्त धूळ काढली. दिवे मालवून टॉर्च काठाशी आडवा धरला, तेव्हा अक्षरं उठून आली. मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली आणि ठसा घेतला.

वाचन असं: भाच्याचं नाव (हे आमचे आजोबा), ‘याचे लग्नी मामा’, मग मामाचं नाव, ‘बिन’, त्याच्या बापाचं नाव, ‘मु.’, गाव, ‘ता. चांदोर’, सन १९२९. मामाच्या बापाचं नाव म्हणजे म्हाळाच्या यादीतला मा-१. या मामाला पुढे म-१ म्हणते.

गावाच्या नावावर नेमका पोचा आला आहे. पहिलं अक्षर दिसतं आणि शेवटचं ‘गाव’. मधलं काही केल्या लागत नाही. तरी आता चांदवड तालुका मिळाला. जुन्या सरकारी कागदांत चांदवडला चांदोरच लिहीत.

आत्याने घंगाळ आता दिवाणखान्यात ठेवलं आहे. तिने मला विचारलं, ‘मामा इतक्या लांबून आला असेल का गं लग्नाला?’ मी सांगितलं, आला असेल, भांडं तरी तेच सांगतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सार्वजनिक वाचनालयात दिवस गेला. १८४० सालची ही संस्था, आणि १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड पाहायला इथेच यावंसं वाटतं. घंगाळावरच्या त्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी आणि ‘गाव’ने संपणारी चांदवड भागातली गावं जनगणनेच्या याद्यांवरून काढली. मोजकीच निघाली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, स्कॅन केलेले आहेत. यादीतली गावं एकेक करून पाहत गेले. तिसऱ्या गावात म-१ मिळाला, बापाच्या नावासह.

वारसाचा फेरफार आहे. म-१ वारल्यावर वारस म्हणून दोन मुलगे आणि एक मुलगी, मुलीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव. नोंद १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरची आहे, म्हणून मुलगी दिसते. ज्यांना घराण्यातल्या आत्या, मावश्या शोधायच्या आहेत त्यांनी १९५६ नंतरचे वारस फेरफार आणि सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी पाहावा. पुढे हक्कसोड झालेली असली तरी त्या फेरफारात बहिणींची नावं सासरच्या गावासह राहतात. यासारखा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या पणजीला याचा उपयोग नाही, तिचा बाप कायद्याच्या कितीतरी आधी गेला. मात्र थोरल्या मुलापुढे लिहिलंय, ‘हल्ली मुक्काम इंदूर’.

चांदवड होळकरांचं, रंगमहाल अजून उभा आहे. या भागातून इंदूरला माणसं जात आली, त्यामुळे नवल नाही. तक्त्यात प्रश्न टाकला: चांदवड तालुक्यातून इंदूरला गेलेल्या या आडनावाचं कुणी माहितीत आहे का? सोबत म-१, मा-१, मा-२, मा-३ ची साखळी. येवल्याच्या ताईंचं माहेरचं गोत त्या बाजूला मोठं आहे, त्यांनी ते पुढे पाठवलं.

रविवार, ७ डिसेंबर

इंदूरहून फोन आला. वयस्कर गृहस्थ, मी त्यांना काकाच म्हणते. म-१ त्यांचे आजोबा. त्यांच्याकडे वडिलांनी काढलेला वंशवृक्ष आहे, त्याचा फोटो त्यांनी तेव्हाच पाठवला. वर मा-३, खाली मा-२, खाली मा-१. मा-१ च्या खाली म-१, आणि समासात पेन्सिलने: ‘बहीण १, निफाडकडे दिली.’ नाव नाही.

तो समास मी बराच वेळ पाहत राहिले. तिकडे ती ‘निफाडकडे दिली’ एवढीच उरली आणि इकडे ती कुठून आली हे कुणी लिहिलं नाही. दोन्ही घरांचे कागद एकमेकांसमोर आले तेव्हाच ती पूर्ण झाली. एका घराच्या दप्तरात बसून बाई सापडत नाही. नोंदी वाटून घ्याव्यात असं मी सगळ्यांना सांगत असते, त्यामागचं कारण हे आहे.

खात्री तरी ‘बहुधा’च ठेवली. तीन नावांची साखळी जुळली, पण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे तीच नावं एका गावात दोन भाऊबंदांच्या घरी निघू शकतात. बहिणीचं नाव आणि दिलेलं गाव एकत्र सांगणारा कागद हवा. काकांचं म्हणणं, त्यांच्या गावाचे तीर्थोपाध्ये नाशिकलाच असणार.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

ते गुरुजी सापडले. नामावळी कुळातल्या माणसालाच दाखवतात, तेव्हा काका फोनवरून स्वतः बोलले, आडनाव, गाव, आजोबा-पणजोबा सांगितले. गुरुजींनी बाडातल्या नावांशी ताडून पाहिलं आणि मला त्यांच्या वतीने यायला परवानगी दिली.

सिंहस्थाची कामं घाटावर सुरू आहेत, पुढे सगळेच गुरुजी कामात बुडणार. ज्यांना नामावळी पाहायची आहे त्यांनी हे महिने वाया घालवू नयेत.

रविवार, १८ जानेवारी

शके १८३४, परिधावी नाम संवत्सर, चैत्र. १८३४ अधिक १२, बाकी ४६, परिधावी बरोबर. सन १९१२. म-१ बापाच्या अस्थी घेऊन आलेला. मोडी, हात सुबक, कसर नाही. सरांना व्हिडिओवर पान दाखवलं, त्यांनी माझ्या आधी वाचून टाकलं.

बाप मा-१, आजा मा-२, पणजा मा-३. आई हयात, असं लिहिलंय. मग: ‘बहीण’, तिचं माहेरचं नाव, ‘दिली मौजे’ आणि आमचं गाव.

तिचं नाव मिळालं. सासरी बदललेलं नाव आम्ही आजवर धरून होतो, माहेरचं अगदी वेगळं आहे, तीन अक्षरी, गोड. इथे लिहीत नाही, आधी आत्याला सांगायचं होतं. माडीवरून उतरून घाटावरूनच फोन केला. आत्याने ते दोनदा म्हणून घेतलं आणि लगेच विचारलं, ‘आणि तिची आई?’

इंदूरच्या काकांना फोटो गेले. त्यांनी वंशवृक्षाच्या समासातलं पेन्सिलचं खोडून शाईने नाव घातलं आणि त्याचा फोटो परत पाठवला.

रविवार, २५ जानेवारी

तक्ता अद्ययावत केला. पणजी ही मा-१ ची मुलगी, खात्री ‘पक्की’. पुरावे चार, एकमेकांपासून स्वतंत्र: म्हाळाची यादी, १९२९ चं घंगाळ, वारसाचा फेरफार, १९१२ ची नामावळी. लग्नाचं साल अजून ‘बहुधा’, १९१२ च्या आधी एवढंच सांगता येतं. दोन्ही गुरुजींना छापील प्रती दिल्या. भावकीतल्या काकांनी वंशावळीची नवी प्रत काढायचं कबूल केलं आहे, तीत बायकांसाठी माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं नाव असे तीन रकाने आखून मी पाठवले. ज्या सुनांचं माहेर कुणालाच ठाऊक नाही त्यांच्या जागा रिकाम्या दिसू द्यायच्या, गाळायच्या नाहीत, असंही सांगितलं.

पुढचं काम आत्याच्या प्रश्नाचं. म्हाळाच्या यादीत मा-१ पुढे ‘सपत्नीक’ एवढंच आहे, आणि १९१२ च्या नोंदीत ‘आई हयात’ असूनही नाव दिलेलं नाही. ती १९१२ नंतर केव्हातरी गेली असणार, म्हणजे चांदवडकडच्या त्या गावाचा गाव नमुना १४ पुढे वर्षावर्षाने पाहायचा, मा-१ ‘भ्रतार’ (नवरा) म्हणून किंवा ‘कोम’नंतर लिहिलेला कुठे येतो ते शोधत. नकलेचा अर्ज इंदूरच्या काकांनी पणतू म्हणून सही करून पाठवला आहे. चांदवडच्या दप्तरखान्यात तो मी सोमवारच्या सुट्टीनंतर देणार आहे. त्या भागात काम करणाऱ्या कुणाला त्या काळची पानं आधी पाहायला मिळाली, तर पान नंबरासह तक्त्यात टाका.